५८ हजारांचा प्रीबिल्ट गेमिंग पीसी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गुढीपाडव्याला, ३० मार्च २०२५ ला, वाशीहून हा प्रीबिल्ट, म्हणजे दुकानातच जोडून तयार मिळणारा, पीसी घरी आणला. आता नोव्हेंबर संपत आला. उन्हाळा गेला, यंदा मे महिन्यातच कोसळलेला पाऊस गेला, गणपती-दिवाळी झाली. या सगळ्या काळात तो रोज दोन-चार तास चालू आहे. घेताना मला कोणी न सांगितलेल्या गोष्टी इथे लिहिते, कारण पन्नास-साठ हजार पुन्हा उभे करणं आपल्यासारख्यांना सोपं नसतं.

ऐरोलीत आम्ही तिघं राहतो. आई, मी आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला धाकटा भाऊ. त्याला गेम खेळायचे असतात आणि कॉलेजचं थ्रीडी ड्रॉइंगही करायचं असतं. मलाही ऑफिसातून आल्यावर तासभर रेसिंग खेळायला मनापासून आवडतं. मॉनिटर धरून बजेट ७० हजार. सुटे भाग घेऊन जोडायचं आधी डोक्यात होतं. त्यासाठी ठाणे, दादर, ग्रँट रोड असं करत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात एक चक्कर मारली. भाव चांगले होते, पण सहा दुकानांतून सहा भाग घेतले आणि पीसी चालूच झाला नाही तर दोष कोणाचा, हे कोण ठरवणार? म्हणून प्रीबिल्ट. एक दुकान, एक बिल, एक वॉरंटी.

त्या एका बिलानेच पुढे घोळ केला. ते सांगतेच.

शोधायला लागलं की सगळ्यात आधी समोर येतात त्या ‘आय७ गेमिंग पीसी, फक्त १८ हजार’ छाप जाहिराती. आत बहुतेक वेळा २०११-१२ चा प्रोसेसर असतो, आय७-२६०० किंवा आय७-३७७०, आणि सोबत जीटी ७३० सारखं जुनं ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेट मात्र नवंकोरं, पंखे रंगीबेरंगी. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे असा पीसी आज घेतला तर पहिल्या दिवसापासूनच अडचण. आय७ हे नाव पाहू नका, पुढचा आकडा पाहा.

दुसरा चकवा आरटीएक्स ३०५० या ग्राफिक्स कार्डाचा. या नावाने ८ जीबीचं कार्ड आहे आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचंही आहे. फरक फक्त मेमरीचा नाही. ६ जीबीवाल्यात कोअर कमी आहेत, मेमरीचा रस्ता अरुंद आहे आणि ते ७० वॅटवर चालतं. कमी विजेत चालतं हा त्याचा गुणच, पण पैसे ८ जीबीचे मोजून ६ जीबीचं घरी आणू नका. नुसतं ‘३०५०’ लिहिलं असेल तर ‘किती जीबीचं?’ हे विचाराच.

मोठ्या कंपन्यांचे तयार टॉवरही पाहिले. घरी येऊन दुरुस्ती करतात ही त्यांची मोठी सोय. पण अनेकांत मदरबोर्ड (सगळे भाग बसतात तो मुख्य बोर्ड) आणि एसएमपीएस (भागांना वीज पुरवणारा डबा) त्यांच्याच मापाचे असतात, त्यामुळे पुढे मोठं कार्ड टाकायचं म्हटलं की अडतं. त्या बजेटमध्ये कार्डही हलकंच मिळत होतं.

शेवटी जे घेतलं ते असं : एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (गेम आणि फायली साठवायची वेगवान ड्राइव्ह), ८ जीबीचं आरएक्स ६६०० कार्ड. पीसी ५८ हजारांना, २४ इंची १०० हर्ट्झचा मॉनिटर साडेआठ हजारांना. प्रोसेसर आणि कार्डाच्या निवडीबद्दल आठ महिन्यांनंतरही मी पूर्ण समाधानी आहे. १०८०पीला, म्हणजे फुल एचडी स्क्रीनवर, या जोडीला तोड नाही. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ अगदी लोण्यासारखे चालतात. अलीकडचे जड गेम मध्यम सेटिंगवर सेकंदाला ६० फ्रेम्सच्या आसपास राहतात. रे ट्रेसिंग (गेममधला प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं तंत्र) हवं असेल तर हे कार्ड घेऊ नका, एवढंच. व्हॅलोरंट पहिल्या दिवशी सुरूच होईना. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन त्या चालू करायला दहा मिनिटं लागली.

घरी आल्यावर आधी बाजूची काच उघडा. आमच्या कॅबिनेटमध्ये कार्ड हलू नये म्हणून फोमचा एक मोठा गठ्ठा कोंबलेला होता. तो न काढता बटण दाबलं असतं तर पंखेच फिरले नसते. मग भावाने मॉनिटरची केबल वरच्या, मदरबोर्डच्या पोर्टला लावली आणि स्क्रीन काळी. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे केबल खाली आडव्या बसलेल्या कार्डालाच लावावी लागते.

रॅमची गोष्ट आठवड्याने कळली. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं तर स्पीड २६६६ आणि स्लॉट दोनपैकी एकच भरलेला. रॅम ३२०० ची होती, पण बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारं सेटिंग, कोणी चालूच केलं नव्हतं. आणि १६ जीबीची एकच पट्टी लावली होती. ८-८ च्या दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन रस्त्यांनी माहिती मिळते आणि गेममध्ये तो फरक सरळ दिसतो. मी पट्टी घेऊन दुकानात गेले, तिथल्या दादांनी कुरकुर न करता दोन पट्ट्या बदलून दिल्या. घरी येऊन मीच बसवल्या. पट्टीची खाच जुळवायची, दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्यायचा आणि ‘टक्’ आवाज ऐकू आला की झालं. रेसिंगमध्ये वळणावर अडखळायचं, ते त्या दिवसापासून बंद झालं. हे घेतानाच करून घ्या. यंदा रॅमचे भाव चढतच गेले आहेत, ‘नंतर बघू’ महागात पडतं.

आता खरं दुखणं. मेच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस सुरू झाला आणि आमच्याकडे लाईटची ये-जा सुरू झाली. लाईट नुसती लुकलुकली तरी पीसी रीस्टार्ट व्हायचा. मग लाईट असतानाही, गेममध्ये गर्दीचा प्रसंग आला की धाडकन बंद. दुकानात फोन केला तर ‘मॅडम, तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल.’ मी टॉर्च घेऊन आत पाहिलं. एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं, पण ८० प्लसची (वीज कमी वाया जाते याच्या प्रमाणपत्राची) खूण नाही, आणि कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. सगळा पैसा दिसणाऱ्या भागांवर खर्च झाला होता आणि त्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा सगळ्यात स्वस्तातला होता.

बदलून मागायला गेले तेव्हा बिल निघालं. त्यावर एकच ओळ : ‘गेमिंग पीसी, १ नग.’ कोणता एसएमपीएस कबूल केला होता, कुठेच लिहिलेलं नाही. कोणत्याच भागाचा सिरीयल नंबर नाही. दुकानाची वॉरंटी एक वर्षाची, पण कंपनीच्या खोक्यातून आलेल्या डबाबंद रायझनला एएमडीची वॉरंटी तीन वर्षांची असते. नंबर आणि पुरावा हातात नसेल तर दुसऱ्या वर्षी ती कोणाकडे मागणार? मला खूप राग आला होता. तीन शनिवार हेलपाटे घातले. शेवटी वरचे बावीसशे भरून ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ एसएमपीएस मिळाला आणि लेटरहेडवर सगळ्या भागांची नंबरांसकट यादी मिळाली. रिकामे खोकेही मागून आणले. त्यानंतर खेळताना पीसी एकदाही आपणहून बंद पडलेला नाही.

सोबत ११०० व्हीएचा यूपीएस घेतला. दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात गेम सेव्ह करून बंद करता येतं. पावसाळ्यात नवी मुंबईत यूपीएस पीसीच्या किमतीतच धरा. आईला वीजबिलाची काळजी होती. खेळताना मॉनिटरसकट साधारण अडीचशे वॅट जातात, म्हणजे चार तासांना एक युनिट. हा हिशोब तिला वहीत लिहून दाखवला तेव्हा तिने विषय सोडला.

कॅबिनेटबद्दल. पुढून पूर्ण काच असलेलं सुंदर दिसतं, पण हवा आत येणार कुठून? एप्रिल-मेच्या उकाड्यात आमचं कार्ड ८४ अंशांपर्यंत जायचं. भावाने पुढची काच काढून जाळी बसवली आणि एक पंखा वाढवला, आता ७२-७३ वर थांबतं. जाळी आली की धूळही येते. ठाणे-बेलापूर रोडची धूळ आणि खाडीकडचा दमट वारा मिळून फिल्टरवर तीन आठवड्यांत करडा थर बसतो. नखाने ओढला की जुन्या गादीतल्या कापसासारखा सलग निघतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फिल्टर नळाखाली धुऊन, पूर्ण वाळवून परत लावतो.

५१२ जीबी कमी पडते. तीन मोठे गेम टाकले की चौथ्यासाठी एक काढावा लागतो. आमच्या बोर्डवर एम.२ ची (एनव्हीएमई एसएसडी बसते ती) जागा एकच, त्यामुळे आता केबलने जोडायची, वेगाने कमी अशी साटा एसएसडी घ्यावी लागेल. एम.२ च्या दोन जागा असलेला बोर्ड हजार-दीड हजार जास्त देऊन घ्यायला हवा होता.

गेल्या शनिवारी शेजारच्या काकूंच्या मुलासाठी त्याच दुकानात गेले होते. पैसे द्यायच्या आधी मी भागांची यादी लिहिलेला कागद पुढे केला. दादांनी हसून आपणच कॅबिनेट उघडलं आणि एकेका भागाचा नंबर वाचत बिल लिहिलं. आठ ओळी झाल्या. रॅमच्या दोन पट्ट्यांच्या दोन वेगळ्या.