ई-रीडरवर प्रेमकथा: यंत्र बदलून मिळालं, टक्के अजून खोटेच

मागच्या महिन्यात माझ्या ई-रीडरचा स्क्रीन गेला, सर्व्हिस सेंटरशी चांगलंच वाजलं, म्हणून हा अनुभव आत्ताच लिहायला घेतला. 6 इंची स्क्रीन, 300 पीपीआय (म्हणजे इंचाला 300 ठिपके), रात्री पिवळसर करता येणारा उजेड, पाण्याचं भय नाही, हे सगळं तुम्ही इतरांच्या परीक्षणांत वाचलं असेलच. माझा वापर जरा वेगळा आहे. मी ग्रंथपाल आहे आणि मला प्रेमकथा मनापासून आवडतात. रहस्यकथा, थरारकथाही वाचतो, पण एक पुस्तक संपून पुढचं निवडायची वेळ आली की हात जातो तो प्रेमकथेकडेच.

यंत्र घेतलं होतं कामाच्या वाचनासाठी. अहवाल, शोधनिबंध, सूचीकरणाच्या नियमावल्या, सगळ्या बहुतेक पीडीएफ. त्या कामाला हे यंत्र घेऊ नका. अख्खं पान मावेल असं केलं तर अक्षर दिसत नाही, आणि अक्षर मोठं केलं तर प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसा. तो नाद लवकरच सोडला. मग एक ऐतिहासिक प्रेमकथा उतरवून घेतली आणि यंत्राचा खरा उपयोग कळला. सलग गद्य, तळटीपा नाहीत, तक्ते नाहीत, अक्षर हवं तेवढं करा, मजकूर आपोआप जागा घेतो. शिवाय या कादंबऱ्या मालिकेत येतात: चार बहिणी असतील तर चार पुस्तकं, पहिल्यात कोपऱ्यात उभा असलेला मित्र तिसऱ्याचा नायक. आणि ग्रंथालयात नेमकं तिसरंच पुस्तक कायम बाहेर गेलेलं असतं. देवघेवीच्या टेबलावर दुसरं परत करताना वाचकाचा चेहरा कसा पडतो, ते मी रोज बघतो. इथे दुसरं संपलं की तिसरं उघडायचं, बस. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. मालिका वाचणाऱ्याचा वेळ या यंत्राने खरोखर वाचतो.

आता स्क्रीनचं प्रकरण. एका संध्याकाळी पान उलटलं तर वरच्या भागात नवं पान आलं, खालच्या भागात आधीच्या पानाच्या ओळी तशाच चिकटून राहिल्या. वर नायिका स्टेशनवर पोचलेली, खाली ती अजून चिठ्ठीच लिहितेय. बंद करून चालू केलं, पूर्ण रीसेट केलं, फरक नाही. या स्क्रीनमध्ये सूक्ष्म कुप्यांत काळे आणि पांढरे विद्युतभारित कण असतात. विजेच्या इशाऱ्याने ते वर-खाली होतात आणि एकदा बसले की वीज नसली तरी जागचे हलत नाहीत. चार्जिंग कित्येक दिवस पुरतं ते यामुळे, आणि बिघडलेला भाग शेवटचं चित्र धरून बसतो तोही यामुळेच. नाजूक असते ती आतली काचेची पातळ पाटी. बॅगेत एखाद्या जड वस्तूचा दाब आला तर ती आतल्या आत तडकते, वर ओरखडासुद्धा दिसत नाही.

सर्व्हिस सेंटरने फोटो बघूनच निकाल दिला: दाबाने झालेलं नुकसान, वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, बाहेर खूण नाही, मग दाब कुठे पडला ते दाखवा आणि लेखी द्या. लेखी काही मिळालं नाही. दर फोनला नवा माणूस आणि कहाणी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी अर्ध्या किमतीत दुरुस्त केलेलं जुनं यंत्र देऊ केलं. नव्याचे पूर्ण पैसे मोजणं मला पटेना, म्हणून घेतलं. पण माझं म्हणणं कायम आहे. बॅगेत घालून न्यायची वस्तू बॅगेतल्या दाबाने मोडत असेल तर कडक कव्हर खोक्यातच द्यायला हवं, वेगळे पैसे घेऊन नव्हे. तुम्ही घेणार असाल तर मऊ कापडी पाकिटावर विसंबू नका, पुढून-मागून टणक असलेलंच कव्हर घ्या.

इतकं भांडूनही माझा मोठा राग स्क्रीनवर नाही. तो आहे पानाच्या तळाशी कोपऱ्यात दिसणाऱ्या, पुस्तक किती वाचून झालं ते सांगणाऱ्या टक्क्यांवर.

प्रेमकथेचा शेवट गोड होणार हे वाचक धरूनच चालतो. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही लेखकांची संघटना 1980 मध्ये स्थापन झाली. तिच्या व्याख्येत दोनच गोष्टी आहेत: प्रेम कथेच्या केंद्रस्थानी हवं, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशादायी हवा. म्हणजे काय होणार हे ठरलेलंच आहे. वाचक पानं उलटतो ते कसं होणार यासाठी. आणि ‘कसं’ची सगळी मजा उरलेल्या जागेवर अवलंबून असते. पुस्तकाचे चारातले तीन भाग उलटले की ताटातूट येते: जुनं खोटं उघड होतं, कुणीतरी नोकरीसाठी निघून जातं, न पाठवलेलं पत्र भलत्याच्या हाती लागतं. तिथून पुढे मी सारखा हिशोब करत असतो. एवढा मोठा गुंता आणि इतकीच पानं, बाई सोडवणार कशी? चांगली लेखिका इथे ओळखू येते. ती घाईने माफी मागायला लावत नाही. दुखावलेल्या माणसाला रागावायला पुरेशी पानं देते आणि तरी वेळेत पोचते.

जेन ऑस्टिनला हे नेमकं ठाऊक होतं. ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’ 1817 च्या अखेरीस आली. तिच्या शेवटच्या प्रकरणात ऑस्टिन वाचकाला सरळ सांगते की समोर उरलेली थोडकी पानं बघूनच तुम्ही ओळखलं असेल, आपण सगळे सुखाकडे निघालोय. पुढे इंग्लंडमध्ये 1842 मध्ये सुरू झालेल्या म्युडीच्या वाचनालयाचा जमाना आला. वर्गणीच्या वाचनालयांना तीन खंडांतल्या कादंबऱ्या सोयीच्या होत्या, कारण एकच कादंबरी एकाच वेळी तिघांकडे फिरवता यायची. तेव्हाच्या वाचकाला तिसरा खंड हातात आला की कळायचं, आता फार रडायचं नाही. किती उरलंय याची जाणीव ही या वाचनाची जुनी आणि हक्काची गोष्ट आहे.

आणि हे यंत्र तिथेच फसवतं. मागच्या एका कादंबरीत 83 टक्क्यांवर दोघं भांडून वेगळी झाली. मला वाटलं, अजून सतरा टक्के आहेत, आता निवांत समेट वाचायचा. उशी नीट केली. काही पानांतच तो पावसात येऊन उभा राहिला, तिने दार उघडलं, पुढच्या पानावर लग्न, आणि 87 टक्क्यांवर समाप्त. उरलेल्या तेरा टक्क्यांत मालिकेतल्या पुढच्या पुस्तकाची पहिली प्रकरणं, ऋणनिर्देश, वाचनगटासाठी प्रश्न, लेखिकेच्या इतर पुस्तकांची यादी. समेट तसा वाईट लिहिलेला नव्हता. पण मी तो मोठ्या समेटाची सुरुवात समजून वाचला, त्यामुळे त्यातलं सगळं बळ वाया गेलं. छापील पुस्तकातही मागे पुढच्या पुस्तकाचा तुकडा असतो, पण तिथे पानं चाळून खरा शेवट कुठे आहे ते बघता येतं आणि अंगठ्याला जाडीचा अंदाज राहतो. ही चूक एका पुस्तकापुरती असती तर बोललो नसतो. लोकप्रिय कादंबऱ्यांत हा सर्रास प्रकार आहे.

ग्रंथपाल म्हणून याचा मला जास्त त्रास होतो, कारण उपाय आधीपासून तयार आहे. ईपब 3 या ई-पुस्तकांच्या फाइलींच्या प्रमाण साच्यात मुख्य मजकूर कुठून सुरू होतो आणि पुस्तकामागचा मजकूर कुठून, या दोन्ही जागा नोंदवायची सोय आहे. सुरुवातीची जागा यंत्राला बरोबर कळते. पुस्तक पहिल्यांदा उघडलं की मुखपृष्ठ, शीर्षकपान, प्रकाशनाचा तपशील ओलांडून ते थेट पहिल्या प्रकरणावर नेतं. (हेही मला आवडत नाही. ही कादंबरी मुळात कधी आली, जुन्याच पुस्तकाला नवं नाव देऊन काढली आहे का, हे त्या वगळलेल्या पानावर असतं.) शेवटाची जागा मात्र प्रकाशक बहुतेक वेळा नोंदवत नाहीत, आणि नोंदवली तरी टक्के काढताना यंत्र ती विचारात घेत नाही. दोघांपैकी एकानेही मनावर घेतलेलं नाही.

इथवर लिहून झाल्यावर एक प्रयोग केला, त्याने माझं मत थोडं बदललंय. कॅलिबर हे कोविद गोयल यांनी 2006 मध्ये सुरू केलेलं मोफत सॉफ्टवेअर मी पुस्तकांच्या नोंदी नीट करायला वापरतो. मालिकेचं नाव, क्रमांक, लेखकाचं आडनाव. त्यातच ईपब आतून उघडायची सोय आहे. ईपब म्हणजे एका पिशवीत बांधलेल्या छोट्या फाइली. डाव्या बाजूला त्यांची यादी दिसते: प्रकरण एक, प्रकरण दोन, आणि तळाशी ‘उतारा’ नावाची, पुढच्या पुस्तकाच्या प्रकरणांची भलीमोठी फाइल. कुलूप नसलेलं (म्हणजे फाइलीत बदल करायला बंदी न घातलेलं), विकत घेतलेलं एक पुस्तक घेतलं, त्याची प्रत काढून ठेवली, ती फाइल आणि अनुक्रमणिकेतला तिचा दुवा काढून टाकला, आणि पुस्तक यंत्रावर चढवलं. शेवटचं वाक्य 99 टक्क्यांवर आलं! उरलेला एक टक्का ऋणनिर्देशाचा, त्याबद्दल तक्रार नाही, तो मी वाचतो. म्हणजे यंत्राचं गणित बरोबर आहे, त्याला पोतं भरून दिलंय त्यात खडे आहेत. आधी मी सगळा दोष यंत्राला देणार होतो, आता निम्मा प्रकाशकांना देतो. मात्र कुलूपबंद पुस्तकांना आणि ग्रंथालयातून उधार घेतलेल्यांना हा उपाय लागू नाही. आणि माझं निम्म्याहून जास्त वाचन उधारीचं आहे.

उधारीबद्दल थोडं, कारण घेणाऱ्यांपैकी बरेचजण ‘पुस्तकं फुकट मिळतील’ या हिशोबाने यंत्र घेतात. ग्रंथालय ई-पुस्तक सहसा विकत घेत नाही, परवाना घेतं. एका परवान्यावर बहुधा एका वेळी एकच वाचक, म्हणून ई-पुस्तकालाही रांग असते. काही परवाने ठरावीक काळाने संपतात, काही ठरावीक देवघेवीनंतर. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने 2011 मध्ये 26 देवघेवींची मर्यादा घातली तेव्हा ग्रंथालय क्षेत्रात मोठा गदारोळ झाला होता. एखादी अभ्यासाची कादंबरी 26 वाचकांपर्यंत पोचायला कितीतरी दिवस घेईल. गाजलेली प्रेमकथा तो आकडा बघता बघता गाठते आणि यादीतून गायब होते. लोकप्रिय असणं हीच तिची अडचण होऊन बसते. मला हे लागतं, कारण हा वाङ्मयप्रकार वाढलाच मुळी उधारीवर. 1908 मध्ये स्थापन झालेल्या मिल्स अँड बून या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने 1930 च्या दशकात प्रेमकथांवर भर दिला तो भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांच्या भरवशावर. तपकिरी बांधणीतली ती पुस्तकं वाचक रंगावरूनच मागत. 1949 साली कॅनडात सुरू झालेल्या हार्लेक्विनने 1971 मध्ये ती संस्था घेतली, आणि 2014 मध्ये हार्लेक्विन हार्परकॉलिन्सकडे गेली. कागदी प्रत 26 वेळा फिरल्यावर मी तिचा कणा चिकटवतो आणि पुन्हा फडताळात ठेवतो. ई-पुस्तकाला चिकटवायची सोय नाही.

बाकीचं थोडक्यात. मुखपृष्ठं करड्या रंगात निर्जीव दिसतात. हातातलं पुस्तक कुणाला दिसत नाही हा फायदा म्हणून अनेकांनी लिहिलंय, मला तो तोटा वाटतो. कागदी प्रेमकथा हातात असली की समोरचा विचारतो, ‘हे कसं आहे?’, आणि तिथून एक वाचक मिळतो. मालिका लावताना पहिल्या पुस्तकानंतर दहावं येतं, मग दुसरं. क्रमांक 01, 02 असे लिहिले की सुधारतं. बदली मिळालेल्या यंत्राचा उजेड तळाशी किंचित असमान आहे, वाचताना जाणवत नाही. यंत्र बदललं तेव्हा विकत घेतलेली पुस्तकं आणि उधारीची यादी आपोआप परत आली, पण स्वतः चढवलेल्या फाइलींतल्या खुणा आणि टिपा गेल्या. त्या आधीच संगणकावर उतरवून ठेवा.

सध्या टक्के बंद करून त्या जागी ‘प्रकरण संपायला किती मिनिटं’ हे लावलंय. तो आकडा खरा असतो, कारण प्रकरणाच्या पोटात जाहिरात नसते. अनुक्रमणिका उघडून शेवटचं प्रकरण कितवं हे आधी बघून घेतो आणि उधारीच्या पुस्तकांचं असं भागवतो. कंपनीला सूचना पाठवली आहे, शेवटाची नोंद टक्क्यांत धरा म्हणून. दोन प्रकाशकांनाही लिहिलंय. ज्यांची ई-पुस्तकं 98-99 टक्क्यांवर खरोखर संपतात अशा प्रकाशकांची यादी करतोय, कारण पुढची खरेदी त्यांच्याकडूनच करायची आहे. तुमच्या वाचनात तसं पुस्तक आलं असेल तर नाव आणि प्रकाशक खाली लिहा. प्रेमकथा असेल तर ताटातूट किती टक्क्यांवर आली तेही लिहा.