बॉक्स ईझल: नऊ महिन्यांचा वापर, आणि आता बांधाबांध

आधी एक गोष्ट सांगून टाकते. ही वाजवायची पेटी नाही, ईझल आहे, म्हणजे रंगवताना कॅनव्हास उभा धरायचा स्टँड. गेल्या नऊ महिन्यांत रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर, एसटीत, रिक्षा स्टॉपवर मला निदान पन्नास जणांनी विचारलंय, "भजनाला काय?" बंद केली की दिसतेच ती तशी. बीचचं लाकूड, पितळी कोपरे, वर मूठ. उघडली की खाली तीन पाय, वर कॅनव्हास धरायची दांडी, पोटात रंगांचा खण आणि खणावर सरकणारी पॅलेट, म्हणजे रंग मिसळायची फळी. कुणी फ्रेंच ईझल म्हणतं, कुणी बॉक्स ईझल. आमच्या घरात ती 'पेटी'च झाली आहे.

मी ती दिवाळीनंतर ऑनलाइन मागवली, साडेसहा हजारांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत.

घ्यायचं कारण असं की गणपतीनंतर मी कोल्हापूर सोडतेय. जायचं हे दिवाळीतच ठरलं होतं; काम मात्र मे महिन्यात मिळालं, मुंबईत अ‍ॅनिमेशनसाठी बॅकग्राउंड रंगवायचं, म्हणजे दिवसभर स्क्रीनवर. राहणार डोंबिवलीला, मावसबहिणीकडे. ताई म्हणाली होती, "खिडकीजवळची जागा तुझी." भाऊबीजेला गेले तेव्हा टेप लावून मोजली. चार फूट बाय साडेतीन. इथं माझ्याकडे माडीवरची अख्खी खोली आहे, उत्तरेचा उजेड येणारी, आणि तिच्यात जी.डी. आर्टच्या (चित्रकलेच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला बाबांनी सुताराकडून करून घेतलेलं सागवानी ईझल. पावणेसात फूट उंच. जिन्यातून वळेना म्हणून गॅलरीतून दोरानं वर ओढलं होतं. ते डोंबिवलीला नेणं शक्यच नव्हतं.

तर पेटी. वजन रिकामीचं साडेपाच किलो (भंगारवाल्याच्या काट्यावर केलं, तो हसला). रंग, ब्रश, तेलाची डबी, चिंध्या आणि दोन बोर्ड भरले की नऊच्या वर जातं. सोबत आलेला खांद्याचा पट्टा दुसऱ्याच आठवड्यात शिवणीतून उसवला. आता तिथं बाबांच्या जुन्या बॅगेचा पट्टा आहे. पहिल्यांदा उभी करायला मला वीस मिनिटं लागली होती आणि एक पाय उलटा लागला होता. आता अडीच मिनिटं. क्रम लक्षात ठेवा: आधी पुढचे दोन पाय, मग मागचा, मग खण, दांडी सगळ्यात शेवटी. क्रम चुकला की खण उघडल्याबरोबर ती पुढं झुकते आणि ट्यूबा घरंगळतात.

पॅलेट कोऱ्या लाकडाची येते. तशीच वापरू नका, ती रंगातलं तेल पिते आणि रंग अर्ध्या तासात ओढल्यासारखा होतो. आठवडाभर रोज जवसाच्या तेलाचा हात द्या, पुसा, वाळू द्या. हे सोबतच्या कागदावर कुठंच लिहिलेलं नाही. मला आमच्या सरांनी सांगितलं, तेही पहिले चार बोर्ड वाया गेल्यावर.

आता डावा पाय. प्रत्येक पाय कानाच्या नटानं आवळायचा असतो आणि डावीकडचा नट जानेवारीपासून धरत नाही. आवळून उभी केली की पंधरा मिनिटांत पाय गोगलगायीसारखा आत सरकतो. तुम्हाला वाटतं पाण्याची रेघ तुम्हीच तिरकी काढली. बाबा एसटीच्या वर्कशॉपला होते. त्यांनी एकदा उलटीसुलटी करून पाहिली आणि निकाल दिला, "ह्याला वायसरच नाही, नुसत्या लाकडावर लोखंड कसं धरंल?" सायकलच्या ट्यूबचे तीन गोल कापून बसवले. काही आठवडे बरं चाललं. मार्चमध्ये पंचगंगेच्या घाटावर वारा सुटला, पाय सरकला आणि पेटी आडवी झाली. पॅलेट अर्थातच उपडी, तीही शेजारी धुणं धुणाऱ्या मावशींच्या पांढऱ्या चादरीवर. "निघंल का गं हे?" त्यांनी विचारलं. अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, जवसाच्या तेलातला. मी खरं ते सांगितलं आणि चादरीचे पैसे दिले. तेव्हापासून मधल्या खुंटीला पिशवी अडकवते आणि जागेवर गेले की त्यात एक वीट नाहीतर दगड टाकते. घाटावर दगडांना तोटा नाही.

एवढं सगळं असून मी तिला वाईट म्हणणार नाही, कारण डिसेंबर-जानेवारीचा हिशेब वेगळा आहे. तेव्हा मी आठवड्यातून चार सकाळी बाहेर होते. कॉलेजात आम्ही 'लँडस्केपला' जायचो ते जलरंग घेऊन, मांडीवर बोर्ड ठेवून. तेलरंग म्हणजे घरात, मोठ्या ईझलवर, दारं लावून. पेटीमुळे पहिल्यांदा तेलरंग घेऊन धुक्यात उभी राहिले. रंकाळा तळ्याचं पाणी उतरलं की त्यातला दगडी संध्यामठ उघडा पडतो, तो मी एकाच जागेवरून अकरा वेळा रंगवला. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहमान यांनी हीच पाणवठ्याची ठिकाणं किती रंगवली आहेत हे इथल्या कुठल्याही चित्रकाराला माहीत असतं, त्यामुळे तिथं ईझल लावायची मला थोडी लाजच वाटायची. पेटी लहान आहे, माणूस झाडाच्या आड उभा राहू शकतो, हाही एक गुण लिहून ठेवते.

गुऱ्हाळाचा प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा. जानेवारीत मैत्रिणीच्या काकांच्या गुऱ्हाळावर गेले, कागलच्या अलीकडे. जमीन सगळी चिपाडांची, भुसभुशीत. इथं पेटीचे पाय कामी आले: तिन्हीची उंची वेगवेगळी करता येते, त्यामुळे एक पाय चिपाडात, एक धोंड्यावर, एक बैलगाडीच्या चाकोरीत आणि तरी बोर्ड सरळ. समोर रस आटवायची काहील, खाली चुलवाण धडधडतंय, वर पांढरी वाफ आणि वाफेतून दिसणारा रस. दहा बाय बारा इंचांचा बोर्ड होता. यलो ऑकर, रॉ सिएना, थोडा बर्न्ट सिएना अशा पिवळ्या-तपकिरी रंगांत रस लावत होते. गुळव्या मधूनच येऊन बघायचा, काही न बोलता जायचा. तिसऱ्यांदा आला तेव्हा बोट बोर्डापासून इंचभर धरून म्हणाला, "अजून दोन उकळ्या कमी हायत तुज्या." मला कळेना. त्यानं उलथन्यावर थोडा रस घेतला, पाण्यात टाकला, गोळी होत नाही हे दाखवलं आणि परत काहिलीकडं गेला. मी थांबले. दहा मिनिटांनी रसाचा रंग खरंच बदलला. पिवळा मागं गेला आणि आतून एक तांबूसपणा आला. मी तोवर वाफेमुळे दिसतो तसा रंगवत होते, फिकट. चाकूनं सगळा रस खरवडून पुन्हा लावला. येताना त्यानं काकवीची बाटली दिली. ती मी रंगांच्या खणात ठेवली आणि ती सांडली, हा दोष पेटीचा नाही.

ओलं चित्र घरी आणणं हा तेलरंगवाल्यांचा कायमचा रडगाण्याचा विषय. पेटी बंद केल्यावर दांडीत एक बोर्ड अडकवून नेता येतो, रंगाची बाजू आत. दुसरा न्यायचा असेल तर दोन्ही बोर्ड समोरासमोर धरून चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घालते आणि वरून कागदाचे काळे चिमटे. तेलरंग वाळतो म्हणजे त्यातून पाणी उडून जात नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं. प्रत्येक रंगाचा वेग वेगळा. अंबर हा तपकिरी रंग दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो, तर आयव्हरी ब्लॅक हा काळा आणि कॅडमियमचे रंग आठवडा उलटला तरी बोटाला लागतात. घाईच्या दिवसांत काळा रंग मी अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून करायला लागले ते यासाठी.

पावसाळ्यात काय होतं? खण अडकतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो असा फुगला की उघडायला दाराच्या चौकटीला पाय लावावा लागला. कडांना पॉलिशपेपर मारला, मेणबत्ती घासली, आता सरकतो. आणि एक सूचना सगळ्यांसाठीच: तेलाच्या चिंध्या खणात कोंबून पेटी बंद करू नका. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून राहिली तर आपोआप तापून पेट घेऊ शकते. मी त्या दोरीवर पसरून वाळवते, मग टाकते. आई त्यांना 'तुझी तोरणं' म्हणते.

मे महिन्यात कामाच्या भेटीसाठी गेले तेव्हा पेटी मुद्दाम सोबत नेली, आठवडाभराची रंगीत तालीम म्हणून. महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये ती बर्थखाली नीट बसते, हे पहिलं समाधान. रंग पातळ करायचं आणि ब्रश धुवायचं टर्पेंटाईन नेलं नाही. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू चालत नाहीत, आणि ताईचं बाळ दोन वर्षांचं आहे, त्या घरात तो वास नकोच. नुसत्या जवसाच्या तेलावर काम केलं, ब्रश आधी तेलात आणि मग साबणानं धुतले. जमतं. थोडा वेळ जास्त लागतो. चार बाय साडेतीनमध्ये पेटी उभी राहते, मीही राहते, फक्त मागं सरकून चित्र बघायला जागा नाही. मागं फ्रिज. तिसऱ्या दिवशी ताईनं उपाय काढला: फ्रिजवर आरसा टेकवला. आता चित्र आरशात दुप्पट लांब दिसतं, उलटं दिसतं, त्यामुळे चुकाही दिसतात. पेटीबद्दल माझ्या मनातला सगळ्यात मोठा संशय त्या आरशानं मिटवला. लोकलमध्ये मात्र ती घेऊन सकाळी आठला चढायचा विचारही करू नका. मी दुपारी दीडला गेले, तरी दारात उभ्या असलेल्या बाईंनी विचारलंच. "भजनाला?"

खरी कुरकुर वेगळीच आहे, आणि ती लिहावी की नको यावर मी दोन दिवस घालवले. या दांडीत फार तर तीस इंच उंचीचा कॅनव्हास बसतो, आणि तोही वाऱ्यात डुलतो. त्यामुळे नऊ महिन्यांत माझी चित्रं दहा बाय बारा, बारा बाय सोळा अशीच होत गेली. सुरुवातीला सोय म्हणून. एप्रिलमध्ये सागवानी ईझलवर चार बाय पाच फुटांचा कॅनव्हास लावला, माडीवरून दिसणाऱ्या कौलांचा, आणि मला कळलं की हात खांद्यापासून हलतच नाहीये. मनगटानं मी चार फूट भरत होते. तीन दिवस खटपट केली, मग कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला. पेटी घेणाऱ्यानं हे आधी धरून चालावं. ती तुमच्या सामानाचा आकार कमी करते, चित्राचाही करते, आणि तुम्ही विचारात असताना करते. गुळाचा रस आणि संध्यामठ मला मिळाले ते लहान बोर्डांवर, हेही खरंच आहे. दोन्हीचा हिशेब अजून लागलेला नाही.

तो कौलांचा कॅनव्हास स्ट्रेचरवरून, म्हणजे लाकडी चौकटीवरून, काढून गुंडाळून नेणार आहे. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची, आत नाही. आत ठेवली की रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुततो. आतला नळा जाड हवा. मी कापडाच्या दुकानातून मागून आणलेला पुठ्ठ्याचा नळा वापरतेय. बाकी कॉलेजातले अभ्यास, म्हणजे सरावाची चित्रं, चाळीसेक असतील, त्यांचं काय करायचं ठरत नाही. शाहू महाराज गेल्यावर आबालालांनी आपली चित्रं कोटितीर्थात सोडली असं कोल्हापुरात सांगतात. मी हे जेवताना सांगितलं तर आई म्हणाली, "तळ्यात नको बाई, कचरा होतो. रद्दीवाला उद्या येतोय." निम्मे तिनं खरंच त्याला दिले. मला वाईट वाटलं नाही, याचंच जरा वाटलं.

मोठं ईझल एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या क्लासला देतेय, जिथं मी शनिवार-रविवार शिकवायचे. ते पुन्हा गॅलरीतून दोरानंच खाली येणार. रविवारी पाच माणसं सांगितली आहेत.

कुणाला ही पेटी घ्यायची असेल तर दुकानात जाऊन घ्या, ऑनलाइन नको. तिन्ही पाय आवळून वर दोन्ही हातांनी भार द्या आणि दहा मिनिटं तिथंच गप्पा मारा. सरकली तर सोडा. पाचपैकी साडेतीन देते. डावा पाय धरला असता तर चार. त्या पायासाठी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे पितळी नट आणि वायसर करायला टाकलेत. सत्तर रुपये म्हणालाय. गुरुवारी देतो म्हणाला होता, आज शनिवार.