पापण्यांच्या चिपडांसाठी मण्यांचा शेक-मास्क: सहा महिन्यांच्या वापरानंतर

मायक्रोवेव्हमध्ये तापवून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचा हा मण्यांचा मास्क चांगला आहे. पण चिपडं कशामुळे धरतात हे न बघता घेतला तर पैसे वाया जातात.

पापणीच्या कडेत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०. त्यातलं तेल टूथपेस्टसारखं घट्ट झालं की तोंडं बुजतात, अश्रू लवकर सुकतात, डोळे चुरचुरतात आणि सकाळी कडांवर खपली दिसते. हे तेल पातळ करायला पापणीला सुमारे ४० अंश सेल्सिअसची ऊब काही मिनिटं सलग मिळावी लागते. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटांत कोमट होतो, मास्क आठ-दहा मिनिटं ऊब धरतो. पैसे मोजायचे ते एवढ्याचसाठी.

आधी २० सेकंदच तापवा. मणी हलवून सगळीकडे सारखे करा, कारण एका जागी गोळा झाले तर तिथे चटका बसतो. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिल्याशिवाय डोळ्यांवर ठेवू नका. शेक झाला की लगेच, तेल पुन्हा घट्ट व्हायच्या आत, वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर अशी बोटाने हलकेच निपटा. बुबुळावर दाब नको. मग ओल्या कापसाने पापण्यांच्या केसांच्या मुळाशी पुसा. पहिले तीन-चार आठवडे दिवसातून दोनदा, पुढे एकदा. सोडलं की त्रास परत येतो, ही सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट.

सिलिका मण्यांचा मास्क लागोपाठ तापवला तर मणी कोरडे पडतात आणि शेक रुक्ष होतो. काही तास उघड्यावर ठेवला की ते हवेतला ओलावा परत घेतात. जवस भरलेल्या शेकाच्या पिशव्या पावसाळ्यात बुरसतात, त्या नकोतच.

आता खपलीकडे बघा, शक्यतो आरशात आणि उजेडात. केसाच्या मुळाभोवती मेणासारखी, नळीच्या आकाराची गुंडाळी असेल तर ते डेमोडेक्स माइट्सचं, म्हणजे केसांच्या मुळाशी राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांचं लक्षण आहे. शेकाने ते जात नाहीत. टी-ट्री तेल थेट लावाल तर डोळा भाजेल, त्यावरची औषधं डॉक्टरांकडूनच घ्या. तेलकट पापुद्रे आणि डोक्यात कोंडा असेल तर आधी कोंड्यावर उपचार हवेत. खूप खाज सुटत असेल तर ॲलर्जी किंवा नवीन काजळ, हेअरडाय तपासा. पिवळा पू येऊन डोळे चिकटत असतील तर जंतुसंसर्ग असू शकतो, तेव्हा मास्क कुणाबरोबर वाटून वापरू नका.

एकाच डोळ्याला महिनोन्‌महिने त्रास, तिथलेच केस गळालेले, किंवा एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारी रांजणवाडी दिसली तर शेकत बसू नका. पापणीच्या तेलग्रंथींचा कर्करोग असाच भासतो. नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि पापणीचा छोटा तुकडा काढून तपासणीला (बायोप्सी) पाठवायची गरज आहे का, हे विचारा.