ज्या बाटलीने बुरशी मारायची, तिच्याच तोंडाला बुरशी

घरी लोशन-जेल करून विकायला शिकवणाऱ्या ऑनलाइन कोर्सपायी माझे किती पैसे गेले, ते आकडे आधीच देते, कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात आणि उत्तर ऐकून डोळे मोठे करतात. ९९ रुपये वेबिनार. ४,९९९ कोर्स. २,३५० स्टार्टर किट. ६,८०० एक लिटर ‘हर्बल प्रिझर्व्हेटिव्ह’, म्हणजे लोशनमध्ये जंतू-बुरशी वाढू नये म्हणून घालायचं द्रव्य. ७,५०० लॅब टेस्ट. हे झाले २१,७४८. त्यावर ३८ गिऱ्हाइकांना प्रत्येकी २४९ परत केले ते ९,४६२, आणि एकीच्या सुनेच्या डॉक्टरांची फी नि औषधं १,१५०. एकूण ३२,३६०. कोरफड, बरण्या, लेबलं यात धरलेलीच नाहीत. मी पतसंस्थेत अकरा वर्षं हिशेब बघते. दुसऱ्याच्या खात्यात दोन रुपयांचा फरक आला तर दिवेलागण होईपर्यंत बसून शोधते. म्हणूनच हे जास्त झोंबतं.

दिवाळीचं उटणं मी लग्नाआधीपासून करते. आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा. सगळं खडखडीत वाळवायचं, दळायचं, चाळायचं. कोरड्या पुडीला प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, वर्षभर काही होत नाही. पण उटणं विकतं वर्षाचे पंधरा दिवस. बायका विचारायला लागल्या, ताई जेल करा, लोशन करा. आणि लोशनमध्ये पाणी आलं. पाणी आलं की जंतू आले. एवढं मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर शिकायला गेले. फुकटात व्हिडिओ बघून लोकांच्या तोंडाला काहीबाही फासणाऱ्यांतली मी नाही.

वेबिनार, मग ‘फक्त आज रात्री बारापर्यंत’ची सवलत, मग ग्रुप, ग्रुपमध्ये सकाळ-संध्याकाळ कुणीतरी कमाईचे स्क्रीनशॉट टाकणार. ही तऱ्हा तुम्हाला माहीत आहे, मलाही होती. तरी फसले, कारण कोर्स घेणाऱ्या मॅडमनी सुरुवातीला शिकवलं ते खरं होतं. व्हिटॅमिन ई हे प्रिझर्व्हेटिव्ह नाही, ते तेलाला खवट होऊ देत नाही एवढंच, हे त्यांनीच सांगितलं. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट आंबट माध्यमातच काम करतात, पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी), साडेपाचच्या वर गेला की ती घातली काय नि न घातली काय, हेही त्यांनीच. फिनॉक्सीइथेनॉल हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह एक टक्क्याच्या वर घालायचं नाही, चमच्याने मोजायचं नाही, सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर तोलायचं. सगळं बरोबर. किटमध्ये त्याची ३० मिलीची बाटली आली तीही खरी होती. त्यातून केलेलं लोशन चार महिने टिकलं. चोर आधी आपल्याच घराची कुलपं नीट लावून देतो, तसं.

जूनमध्ये मॅडमचा सूर बदलला. ‘आता कस्टमरला केमिकल नको असतं ताई.’ म्हणून त्यांचं स्वतःचं ब्लेंड, शंभर टक्के हर्बल, ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क आणि ‘इतर वनस्पती’. दर शंभर ग्रॅमला तीन ग्रॅम. मी ग्रुपवर सरळ विचारलं, यात नेमकं काय काय आहे? उत्तर आलं, ‘ताई, गोडा मसाल्याची कृती कुणी जावेला तरी सांगतं का?’ आणि पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. खाली चाळीस-एक बायकांनी तसेच चेहरे टाकले. मीही टाकला. तो स्क्रीनशॉट अजून आहे माझ्याकडे. माझाच प्रश्न, त्यावरची टिंगल, आणि त्या टिंगलीवर हसणारी मी.

नाव न सांगता विकलं जाणारं प्रिझर्व्हेटिव्ह घेऊ नका. रासायनिक नाव, कॅस क्रमांक (त्या रसायनाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक), बॅच क्रमांक, आणि त्याच बॅचचं तपासणीपत्र, एवढं मागा. फिनॉक्सीइथेनॉलचा कॅस क्रमांक १२२-९९-६ आहे, तो बाटलीवर छापायला विकणाऱ्याला लाज वाटत नाही. ज्याला लाज वाटते त्याच्या बाटलीत काहीतरी शिजतंय.

पण मला खरं खातं ते पुढचं.

लिटरची बाटली आली त्या संध्याकाळी मी स्टीलच्या पेल्यात नाही, काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि ड्रॉपरने एक थेंब सोडला. का सोडला? किटमधल्या बाटलीबरोबर मॅडमनीच तसं करून दाखवलं होतं. तो पहिला थेंब तेलाच्या मण्यासारखा हलत हलत तळाशी गेला आणि तिथे बसून राहिला होता. फिनॉक्सीइथेनॉल पाण्यापेक्षा जड असतं आणि पटकन विरघळत नाही. वास अगदी पुसट गुलाबासारखा. हा नवा थेंब पाण्यात पडला आणि साखरेच्या पाकासारखी एक रेघ सोडून दिसेनासा झाला. मी बोटाला लावून बघितलं. चिकट. जिभेला लावलं, हो, लावलं. गोड. ग्लिसरीनसारखं गोड.

मुलगी शेजारी अभ्यास करत होती. म्हणाली, ‘आई, हे तर सरबत आहे.’ मी म्हटलं, ‘हर्बल आहे, म्हणून मिसळतं.’ कुठून आलं हे वाक्य माझ्या तोंडात? मला कुणी शिकवलं नव्हतं. माझे ६,८०० वाचावेत म्हणून माझ्याच जिभेने ते तयार केलं. पाण्यात विरघळणारी चांगली प्रिझर्व्हेटिव्ह असतात, विरघळलं म्हणजे खोटंच असं नाही, मान्य. पण शंका आली होती ना? आली होती.

शंका मारायला मी आणखी पैसे घातले. मॅडमच्या ‘टाय-अप’मधल्या लॅबची चॅलेंज टेस्ट, ७,५००. या टेस्टमध्ये नमुन्यात मुद्दाम जंतू आणि बुरशी सोडतात आणि ती मरतात का ते २८ दिवस बघतात. अठ्ठावीस. त्या ब्लेंडने केलेल्या कोरफड जेलची माझी बरणी कुरिअरने तिथे पोचली ६ ऑगस्टला. ‘पास’चा रिपोर्ट आला ९ ऑगस्टला. तीन दिवसांत. मी तो छापून प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातला. कॅलेंडर माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं.

६४ बरण्या केल्या. फोटो ग्रुपवर टाकला, कौतुक झालं. गणपतीच्या आधीच्या प्रदर्शनात ३८ गेल्या. बाराव्या दिवशी पहिला फोन. जेल पातळ झालंय, भाताचा डबा दुसऱ्या दिवशी उघडावा तसा वास येतोय. मग रोज दोन-तीन. एकीने फोटो पाठवला, झाकणाच्या आतल्या बाजूला राखाडी ठिपके. आणि लक्षात ठेवा, ठिपके दिसतात ते शेवटी. त्याच्या कितीतरी आधी जेल दिसायला काचेसारखं स्वच्छ असतं आणि आत जंतूंची जत्रा भरलेली असते. त्या सुनेने असंच स्वच्छ दिसणारं जेल लावलं होतं. गालभर पुवाच्या पुळ्या.

घरातल्या २६ बरण्या टाकायला काढल्या तेव्हा ती लिटरची बाटलीही काढली. तिच्या तोंडाशी, आट्यांमध्ये, कापसासारखा पांढरा पुंजका. प्रिझर्व्हेटिव्हला बुरशी. मी खाली फरशीवर बसले आणि हसायला लागले, ह्यांना वाटलं मला काहीतरी झालं.

माझीही चूक सांगते, कारण ती सांगितली नाही तर तुम्ही ती कराल. मी कुंडीतली ताजी कोरफड वापरली होती. ताजा गर, तांदळाचं पाणी, काकडीचा रस असलं काही घातलं की खऱ्या प्रिझर्व्हेटिव्हचीही दमछाक होते. पण ‘ताजी चालेल ना’ हेही मी विचारलं होतं, आणि ‘आमच्या ब्लेंडला सगळं चालतं’ असं उत्तर आलं होतं.

मॅडमनी काय केलं? ‘तुमचे हात स्वच्छ नसतील’ एवढं लिहून मला ग्रुपमधून काढलं.

पोलीस ठाण्यात बाटली घेऊन गेले. साहेबांनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, ‘वास तर चांगला येतोय.’ मी बुरशी दाखवली. ‘मग बुरशी आली म्हणून गुन्हा दाखल करायचा का मॅडम? लोणच्यालाही येते.’ मी २८ दिवस आणि तीन दिवस समजावून सांगितले. ते कागद उलटा-सुलटा करत म्हणाले, ‘रिपोर्ट लवकर आला, चांगलंच की.’ मॅडमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला, त्यामुळे हद्द तिकडची. नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यायची असं लिहिलंय. हे मला घरी आल्यावर कळलं. जाताना वाचून जा. सायबरच्या टेबलावर म्हणाले, माल मिळाला ना, मग ही सायबर फसवणूक नाही, वस्तूची तक्रार आहे. बँकेत म्हणाले, पैसे तुम्हीच तुमच्या बोटाने पाठवलेत, समोरचं खातं वैयक्तिक आहे. तेही माझंच चुकलं. ज्याचं बिल नाही, जीएसटी क्रमांक नाही, त्याला वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवू नयेत, आणि पाठवलेत तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन त्याच तासात करावा, माझ्यासारखा तीन महिन्यांनी नाही.

सगळ्यात मोठी शोभा औषध-प्रसाधनं बघणाऱ्या कार्यालयात झाली. तीन खेपा. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या दिवशी अर्ज तीन प्रतींत हवा, तिसऱ्या दिवशी साहेब भेटले. शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘तुमचं लायसन्स?’ विकण्यासाठी प्रसाधनं बनवायची तर परवाना लागतो, २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे. माझ्याकडे नव्हता. गल्लोगल्ली साबण ओतणाऱ्या किती जणींकडे आहे? ४,९९९ च्या कोर्समध्ये यावर एक वाक्य नव्हतं. साहेब म्हणाले, ‘तक्रार घेतो, पण आधी कारवाई तुमच्यावर होईल.’ मी अर्ज परत घेतला. उत्पादन विषासारखं असो, लॅब खोटी असो, त्याबद्दल त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. खुर्चीवरून उठताना शेजारच्या क्लार्कबाईंनी हळूच विचारलं, ‘ताई, उटणं करता का हो तुम्ही? दिवाळीला द्या पाव किलो.’

आता ग्राहक आयोगाचं बघतेय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, तक्रार ऑनलाइन करता येते. वकील म्हणतात, कोर्सची पावती आहे ती जपा, चॅट एक्सपोर्ट करा. तुम्हीही करा, ग्रुपमधून काढायच्या आत.

ग्रेपफ्रूटचं तेवढं सांगायचं राहिलं. १९९९ मध्ये जर्मन संशोधकांनी बाजारातले सहा ग्रेपफ्रूट-बी अर्क तपासले होते. पाचांत बेंझेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडलं. सहावा शुद्ध होता, आणि त्याने एकही जंतू मारला नाही. हे वाचल्यावर वाटलं, माझं ब्लेंड निदान भेसळीचं असतं तरी बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात फोनवर जाहिरात आली. नवीन नाव, तोच आवाज, वेबिनार ९९ रुपये. मागे ‘आमच्या विद्यार्थिनींचं यश’ म्हणून फोटो सरकत होते. तिसऱ्या फोटोत माझं स्वयंपाकघर, मागे कॅलेंडर, आणि ओट्यावर रांगेने मांडलेल्या माझ्या ६४ बरण्या.