अकरा महिने, ९,६०० किलोमीटर आणि आतला पॅड

आधी गाडीची कुंडली मांडते. २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. रनिंग आज ५१,०००. रोज नाशिकमध्ये पाथर्डी फाट्यावरून सातपूर एमआयडीसी आणि परत, शिवाय दीडेक महिन्यातून एकदा माहेरी कल्याणला, म्हणजे कसारा घाट आलाच. (समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून घाट टाळता येतो, पण मला जुन्या रस्त्याची आणि इगतपुरीच्या चहाची सवय आहे.) पुढचे ब्रेक पॅड गेल्या जुलैत ४१,४०० ला बदलले. नवे पॅड कसे आहेत ते पुढे लिहितेच, पण खरं सांगायचंय ते हे की जुने पॅड संपत आलेले असताना मला ते कळलं कसं नाही. बघत तर मी होते!

पहिली खूण आम्हीच पुसून टाकली. त्या मे महिन्यात मुंबई नाक्याच्या सर्कलला वळताना ब्रेकचा लाल दिवा लुकलुकायचा आणि गाडी सरळ झाली की विझायचा. हँडब्रेक नीट सुटला नसेल म्हणून दर वेळी मी तो खाली दाबून बघायचे. शेवटी एका गॅरेजवाल्याला दाखवलं. त्याने बॉनेट उघडलं, "ऑईल कमी झालंय मॅडम," म्हणत टोपण काढून भर घातली आणि दिवा गेला. मीही खूश. त्यामागची भानगड नंतर कळली. पॅड झिजतो तसा कॅलिपरचा (डिस्कला पॅडने चिमटीत धरणारा भाग) पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्यामागे झालेली जागा ब्रेक ऑईल भरतं आणि वरच्या डबीतली पातळी उतरते. वळणावर ते एका बाजूला कललं की डबीतला फ्लोट खाली जातो आणि दिवा लागतो. म्हणजे कुठे गळती नसताना ऑईल कमी झालं, तर भर घालण्याआधी पॅड बघायला हवेत. आम्ही दिव्याचं तोंड बंद करून मोकळे झालो.

दुसरी खूण आवाजाची. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि सकाळी गाडी काढताना पुढून खरखर यायची. ती निरुपद्रवी असते. रात्रभर ओल राहिली की डिस्कवर तांबेरा धरतो, दोन-चार ब्रेक मारले की तो घासून जातो आणि आवाज थांबतो. सोसायटीच्या गेटपासून फाट्याच्या सिग्नलपर्यंत माझा थांबायचा. पण त्याच आठवड्यांत आणखी एक आवाज सुरू झाला होता, बारीक, चिमणीसारखा चीं-चीं. हळू जाताना यायचा आणि ब्रेकवर पाय ठेवला की बंद व्हायचा. ब्रेक मारल्यावर बंद होतो म्हणजे ब्रेकचा नसणार, असा मी अक्कलहुशारीने निष्कर्ष काढला आणि तो पावसाच्या खात्यात टाकून दिला.

तो आवाज पॅडवरच्या पत्तीचा होता. बऱ्याच पॅडना एक छोटी वाकवलेली लोखंडी पत्ती असते. पॅड ठरावीक जाडीपर्यंत झिजला की ती डिस्कला टेकते आणि किंचाळायला लागते, तेच तिचं काम. ब्रेक दाबला की पत्तीवर दाब येतो, थरथर थांबते, म्हणून कधी कधी आवाजही थांबतो.

शंका आली नव्हती असं नाही. मोबाईलचा टॉर्च अलॉय चाकाच्या फटीतून आत मारून मी पॅड बघितला होता. चांगला पाच मिलिमीटर दिसत होता. त्याआधी दोन महिन्यांपूर्वीच्या सर्व्हिसच्या जॉबकार्डवरही 'फ्रंट पॅड ५०%' लिहिलेलं होतं. डोळ्यांनी बघितलंय, कागदावर लिहिलंय, आणखी काय पाहिजे?

आमच्या मजल्यावर एक काका राहतात, मायकोतून रिटायर झालेले. कंपनीचं नाव बॉश होऊन जमाना झाला, पण सातपुरात अजून मायकोच म्हणतात आणि काका तर म्हणतातच. एका शुक्रवारी संध्याकाळी मी पार्किंगच्या उतारावरून गाडी खाली आणत होते, ते जिन्यापाशी उभे होते. म्हणाले, "अगं, हा आवाज कधीपासून येतोय?" मी पावसाचं सांगितलं. "उद्या कल्याणला निघालीस ना? ही गाडी घेऊन घाट उतरणारेस?" मी म्हटलं, काका, पॅड बघितलेत मी, निम्मे आहेत. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आतला बघितलास का?"

डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा. आतला इंजिनाच्या बाजूला, कॅलिपरच्या पिस्टनपाशी, आणि चाक काढल्याशिवाय तो नीट दिसतच नाही. दोन्ही सारखे झिजतील हे मी गृहीत धरलं होतं.

मागच्या चाकाला दगड लावला, नट आधी सैल केले, मग जॅक चढवला, काढलेलं चाक काकांनी गाडीखाली आडवं सरकवून ठेवलं. जॅक निसटलाच तर गाडी चाकावर बसेल, हातावर नाही. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून घेतलं, म्हणजे कॅलिपर आपल्याकडे तोंड करतो. काकांनी खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. माणूस रिटायर झाला तरी व्हर्नियर खिशात! पहिलं माप मी घेतलं आणि ओरडले, "काका, नऊ आहे की!" ते हसले. पॅडच्या मागची लोखंडी प्लेटही मी मोजली होती. मोजायचा तो फक्त पुढचा काळसर थर. बाहेरच्या पॅडचा भरला ५.१ मिलिमीटर. आतल्याचा एका टोकाला २.४ आणि दुसऱ्या टोकाला १.३. पत्तीचं टोक घासून आरशासारखं चकचकीत झालं होतं आणि डिस्कच्या आतल्या बाजूवर बोटाच्या नखाला जाणवेल अशी एक गोल चरी पडली होती.

नव्या पॅडचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटरचा असतो. ३ वर आला की बदलायचा, २ च्या खाली चालवायचा नाही. व्हर्नियर नसेल तर माझा ढोबळ हिशेब असा, की थर मागच्या प्लेटपेक्षा पातळ दिसायला लागला की दुकानात फोन करायचा.

शनिवारी मी पंचवटी एक्सप्रेसने कल्याणला गेले.

सोमवारी गॅरेजमध्ये कॅलिपर उघडल्यावर कारण सापडलं. कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, तो सरकला तरच दोन्ही पॅड सारखे दाबले जातात. डावीकडची खालची पिन गंजून जाम झाली होती, तिचं रबरी बूट फाटून आत चिखलपाणी गेलं होतं. पिस्टन आतल्या पॅडला ढकलायचा, कॅलिपर सरकायचा नाही, ब्रेक सुटल्यावरही आतला पॅड डिस्कला चिकटून राहायचा. तो एकटाच राबत होता, बाहेरचा मजेत. त्यातही एक पिन सरकणारी आणि एक जाम, म्हणून पॅड तिरका झिजला. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड चारच्या आसपास होते. गाडी ब्रेक मारल्यावर किंचित एका बाजूला ओढते असं मला वाटायचं, तेही मी रस्त्याच्या नावावर खपवलं होतं. सिंहस्थाच्या कामांनी सगळं शहर खणून ठेवलंय, गाडी कशानेही ओढते.

मेकॅनिक माझ्याशी कमी आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याशी जास्त बोलत होता, ज्याला स्टेपनी कुठे असते हेही माहीत नाही. मेकॅनिकचं म्हणणं दोन्ही डिस्क बदला. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. मी ती वाचून दाखवली आणि माप घ्यायला लावलं. अजून भरपूर शिल्लक होती, चरी उथळ होती. डिस्क ठेवल्या. पॅड मात्र दोन्ही चाकांचे बदलले, ते जोडीनेच बदलायचे असतात. एकाच बाजूचे बदलले तर दोन चाकांना ब्रेक सारखा लागत नाही. पॅड गाडीच्याच कंपनीचे घेतले, १,८५० रुपये. दुसऱ्या चांगल्या ब्रँडचे पाचेकशे रुपयांनी स्वस्त मिळत होते. पिना, बूट आणि मजुरी धरून एकूण २,९०० गेले. पिनांना साधं ग्रीस लावायचं नाही, त्याने रबर फुगतं. सिलिकॉनचं लागतं. ते काकांनी डबीतून पाठवलं होतं.

आणि त्या भर घातलेल्या ऑईलचं काय झालं? नवे जाड पॅड बसवायला पिस्टन मागे दाबले, तेवढं ऑईल उलटं वर चढलं आणि डबीतून बाहेर सांडलं. ब्रेक ऑईल रंग खातं. लगेच पाणी मारून पुसलं म्हणून थोडक्यात निभावलं, तरी फेंडरच्या कडेला रुपयाएवढा डाग राहिलाय.

आता वापराचं. पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून घ्यायचं असतं, पहिलं दाबणं थेट तळाला जातं. हे गॅरेजवाला करतो, पण आपण बघून घ्यावं. पहिले तीनेकशे किलोमीटर ब्रेक थोडा गुळगुळीत लागत होता. पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहाटे त्र्यंबक रोडला जाऊन ६० वरून २० पर्यंत हळू ब्रेक, मग जरा अंतर मोकळं, असं दहा-बारा वेळा केलं. जुन्या चरीमुळे महिनाभर बारीक घुरघुर होती, सप्टेंबरपर्यंत गेली. त्यानंतर पेडल घट्ट, गाडी सरळ थांबते, घाटात तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर उतरताना ब्रेक अगदी बेताने लागतो. तक्रार एकच, अलॉयवर काळी भुकटी फार बसते. ती फुंकून किंवा हवा मारून उडवू नका, नाकात जाते. ओल्या फडक्याने पुसा.

मापं वहीत आहेत, डाव्या चाकाची, आतला आणि बाहेरचा अशी. जुलैत नवे होते तेव्हा दोन्ही १०. ऑक्टोबरमध्ये २,७०० किलोमीटर झाल्यावर ९.३ आणि ९.४. जानेवारीत ५,२०० ला ८.७ आणि ८.८. एप्रिलमध्ये ८,००० ला ७.८ आणि ८. आणि आता जूनमध्ये ९,६०० ला ७.४ आणि ७.६. म्हणजे हजार किलोमीटरला पाव मिलिमीटरच्या थोडं वर. जानेवारी ते एप्रिल झीज जास्त दिसते, कारण त्यात कसाऱ्याच्या तीन फेऱ्या आणि एकदा वणी. नांदुरीपासून सप्तशृंगी गडापर्यंतचा साधारण १० किलोमीटरचा घाट, येताना सगळा उतार, आणि पुढे भरलेली जीप. या हिशेबाने ३ मिलिमीटरवर यायला अजून सोळा हजार किलोमीटर आहेत. कुणी तुम्हाला 'पॅड ३० हजारला बदला' किंवा '५० हजार चालतात' असं सांगितलं तर दोन्ही खरं असू शकतं. द्वारका चौकाच्या जॅममध्ये रोज तासभर घालवणाऱ्याचे आणि हायवेने पिंपळगावला जाणाऱ्याचे पॅड एकाच रनिंगला संपणार नाहीत. मला आकड्यापेक्षा आतल्या आणि बाहेरच्या पॅडमधला फरक महत्त्वाचा वाटतो. तो पाव मिलिमीटरच्या आत आहे तोवर पिना सरकतायत.

जाता जाता, सगळंच पॅडवर ढकलू नका. वेगात ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्क बघा. पेडल स्पंजसारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा शिरलीय किंवा ऑईल जुनं झालंय. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून मी दोन वर्षांनी बदलते. मागच्या ड्रममधले ब्रेक लायनर बरेच जास्त टिकतात, माझे अजून पहिलेच आहेत.

मागच्या आठवड्यात सर्व्हिसला गाडी दिली. देताना पुढच्या दोन्ही चाकांच्या एकेका नटवर, नट आणि रिम दोन्हींना लागेल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवली होती. गाडी परत आली. जॉबकार्डवर 'फ्रंट पॅड ५०%'. रेघा दोन्ही जशाच्या तशा, कुठे तडाही नाही. मी अ‍ॅडव्हायझरला बोलावून रेघ दाखवली. तो म्हणाला, "मॅडम, रनिंग बघून लिहितो आम्ही." मी त्याला वहीचं पान दाखवलं. त्याने जॉबकार्डवरचं ५० खोडलं आणि मला विचारलं, "किती लिहू?"