घरात ८ बाय ४ चं तळं, मोठ्या माशांसाठी : ११ महिन्यांचा अनुभव, लातूर

मागच्या दिवाळीनंतर आमच्या खालच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत ८ फूट लांब, ४ फूट रुंद अन् अडीच फूट उंच तळं केलं, त्याला आता ११ महिने झाले. बरेच जण विचारायलेत म्हणून एकदाच सगळं लिहितो, लांबलंय थोडं, सांभाळून घ्या.

आधी ४ फुटी काचेची टाकी होती. दोन शार्क, दोन ऑस्कर, एक जायंट गुरामी. दुकानदार म्हणला होता की टाकीएवढेच वाढतेत, काळजी करू नका. हे साफ खोटं आहे अन् अजून बऱ्याच ठिकाणी असंच सांगतेत. आपण ज्याला शार्क म्हणतो तो शार्क नाहीच, तो पंगस, थायलंड-व्हिएतनामकडच्या मेकाँग नदीतला मासा, नदीत ४ फुटांच्या वर जातो. छोट्या टाकीत तो आपोआप छोटा राहत नाही, खराब पाण्यात खुरटतो अन् लवकर मरतो. त्यात लई बुजरा. खोलीतली लाईट एकदम लावली की आमचा मोठा शार्क बिचकून सरळ काचेवर जायचा, नाकाचं कातडं सोलून पांढरं पडायचं, आठवड्यात जरा भरत आलं की परत धडक. ते बघवंना, तिथनं तळ्याचं डोक्यात आलं.

आई नाहीच म्हणली. "मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तवा आपण घागरी घेऊन टँकरमागं पळत होतो, अन् तू घरात तळं करायलास?" बरोबरच होतं तिचं. एप्रिल २०१६ मधी पहिली गाडी आली तिच्यात १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी, ते दिवस लातूरचा माणूस विसरत नसतो. म्हणून आधी पाण्याचा हिशोब बसवला, मगच काम धरलं. भरायला एकदा २००० लिटर. नंतर दर आठवड्याला ४०० लिटर बदलायचं, पण त्यातला थेंब गटारात जाऊ द्यायचा नाही, पाइपनं परसात शेवगा, लिंबू, पपई अन् कढीपत्त्याला. झाडांना पहिले बोअरचं पाणी द्यायचो ते बंद केलं. म्हणजे जास्तीचं जातं ते वाफेनं उडतं तेवढंच, उन्हाळ्यात रोज बादलीभराच्या आत. बोअर आटला तर मासे देऊन टाकायचे असं आईला कबूल केलंय.

वरच्या मजल्यावर करायचा विचार असंल तर सोडून द्या. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वजन धरून करतेत, अन् सव्वादोन फूट पाणी म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ७०० किलो. जमिनीवरच करा.

सांगाडा लोखंडी अँगलचा, आतून १८ एमएमचा प्लाय, त्यावर पोती अन् जुन्या सतरंज्या, अन् वर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. मामाच्या शेततळ्याचा उरलेला होता म्हणून तो पैसा वाचला. पण हा कागद ताठ असतो, कोपऱ्यात घडी नीट बसत नाही. मी घाई केली, कोपरा कापून चिकटवला, तिसऱ्या दिवशी खालून पोती ओली. सगळं पाणी काढून परत केलं. कोपरा कापायचाच नाही, पाकिटासारखी घडी घालून वरच्या काठाला पट्टीनं दाबायची, बस.

आता फिल्टर. तळं म्हणजे फिल्टरच, बाकी सगळा सांगाडा. दोन निळे २०० लिटरचे ड्रम ठेवलेत, पहिल्यात ब्रश अन् स्पंज, गाळ तिथंच अडतो. दुसऱ्यात भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या अन् वायरिंगच्या पाइपचे बारीक तुकडे, त्यावर जिवाणू बसतेत. पंप ताशी ३००० लिटरचा, ६० वॅटचा, २४ तास चालतो, महिन्याला ४३ युनिट धरून चला. ब्रश-स्पंज नळाखाली धुवायचे नाहीत, क्लोरीननं जिवाणू मरतेत, तळ्यातलंच पाणी बादलीत घेऊन त्यात खळबळायचे.

माझी मोठी चूक इथंच झाली. फिल्टर पिकायला, म्हणजे त्यात पुरेसे जिवाणू बसायला, ४ ते ६ आठवडे लागतेत हे वाचलं होतं, तरी १० व्या दिवशी सगळे मासे सोडले. माशाच्या घाणीतनं अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट अन् मग नायट्रेट करतेत, पण जिवाणूच नसले तर अमोनिया साचत जातो. त्यात आपल्याकडं बोअरचं पाणी जड, माझ्याकडं पीएच (पाणी किती आम्ल, किती खारं ते सांगणारा आकडा) ८.२ निघाला. पीएच ७ चा ८ झाला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो, म्हणजे दुसरीकडच्या माणसाचं बघून आपण तेच केलं तर आपला मासा जातो. माझा एक ऑस्कर गेला. कल्ले लाल झालेले, तळाला एका बाजूला कलून पडलेला, तरी जवळ गेलं की डोळा वळवून बघायचा, कारण रोज हातातनं खायची सवय. खाणं बंद केलं, रोज निम्मं पाणी बदललं, बाकीचे वाचले. तपासायचं किट आधी घ्या, मासे नंतर.

मे मधी वळवाच्या पावसात रात्री ११ ला लाईट गेली ती ३ पर्यंत आलीच नाही. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, तासाभरात चौघंबी वर येऊन तोंड उघडझाप करायलेले. गुरामी वरची हवा घेऊ शकतो, ऑस्करचं अवघड. आई अन् मी तांब्यानं पाणी वर उचलून वरनं ओतत बसलो, ती दमली की मी. दुसऱ्या दिवशीच बॅटरीवरचे दोन एअर पंप आणले. अन् पंपाच्या लाईनला आरसीसीबी (करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) बसवाच, पाण्यात हात घालायचा असतो.

खोलीत ओल धरते हे कुणी सांगत नाही. पावसाळ्यात भिंतीचे पोपडे निघाले, एक्झॉस्ट फॅन लावल्यावर थांबलं. वास मात्र अजिबात नाही. डिसेंबरच्या थंडीत ३०० वॅटचे दोन हीटर लागले, पाणी २५ अंशाच्या खाली जाऊ दिलं नाही. वरनं जाळी पाहिजेच, ऑस्कर अन् शार्क दोन्ही उड्या मारतेत.

आता रोजचं बघा. गुरामी पालकाचं पान बोटातनं ओढून घेतो, देठ चावून टाकून देतो अन् परत पानासाठी वर येतो. मोठ्या शार्कचं नाक जानेवारीत पूर्ण भरून आलं, त्यानंतर एकदाही सोललं नाही. लाईट मात्र आधी बाहेरच्या पॅसेजमधली लावतो, मग खोलीतली.

मधी एकानं रेडटेल कॅटफिश फुकट द्यायलो म्हणला, वीतभर होता, दिसायला एकदम देखणा. नको म्हणलो. ॲमेझॉनचा मासा, ४ फूट होतो, तोंडात मावंल ते गिळतो. मोठा झाला की मांजरा धरणात सोडू म्हणला, त्याला हात जोडून सांगितलं की असलं काही करू नको, बाहेरचा मासा धरणात सोडला की तिथल्या माशांची वाट लागते.

मोठा शार्क परवा मोजला, १६ इंच भरला. मासा नीट वळायला तळ्याची रुंदी त्याच्या लांबीच्या दुप्पट तरी लागते, म्हणजे २ फुटांच्या वर गेला की हे ४ फूट रुंद तळं त्याला पुरणार नाही. मामाच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमधी १५ बाय ८ चं माप घेऊन आलोय, वेल्डिंगवाल्याला रविवारी बोलावलंय.