रीफ टाकी: उंच की उथळ?

९० सेंटिमीटर उंचीची रीफ टाकी (जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी) समोर उभी राहिली की बघणारा थबकतो, हे खरं. ४५ सेंटिमीटरच्या उथळ टाकीला तो रुबाब नाही. पण रुबाबाचे भोग हाताला भोगावे लागतात: तो तळापर्यंत पोचतच नाही. पडलेलं प्रवाळ उचलायला लांब चिमटा, काच घासायला दांड्याचं पातं, आणि एवढं करूनही काखेपर्यंत खारं पाणी. उथळ टाकीत हेच काम कोपरभर पाण्यात उरकतं.

प्रकाश खोलीबरोबर घटत जातो, म्हणून उंच टाकीला ताकदवान एलईडी हवेत. मात्र अॅक्रोपोरा हे भरपूर उजेड मागणारं प्रवाळ वरच्या कपारींवर आणि कमी उजेडात रमणारे मशरूम प्रवाळ तळाशी, अशी उतरंड लावता येते. उंच टाकीची खरी गंमत इथे आहे! काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, टाकीच्या लांबीवर नाही, त्यामुळे काच जाड लागते. शिवाय तेवढ्याच पाण्याला पृष्ठभाग कमी मिळतो, म्हणजे ऑक्सिजनसाठी संप (पाणी गाळणारी जोडटाकी) आणि स्किमर (हवेच्या बुडबुड्यांनी फेस करून घाण काढणारं यंत्र) यांवर जास्त भिस्त.

मला विचाराल तर पहिली टाकी उथळच घ्या. उंचीचा मोह सुटतच नसेल तर ६० सेंटिमीटरवर थांबा. तिथवर बहुतेकांचा हात जातो.